21 वा दिवस: आठ अंडी टोचून थांबलीत, एक पिल्लू पाय फाकलेलं, एकाची बेंबी ओली. आत्ता काय करावं?

परसातली_अंडी
पंखा असलेलं 60 अंड्यांचं उबवणीचं यंत्र आहे. गावरान 52 अंडी ठेवली होती, 18 व्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं तेव्हा 43 जिवंत होती. आज 21 वा दिवस, रात्रीचे नऊ. 17 पिल्लं बाहेर आलीत. 8 अंड्यांना टोच पडली आहे, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने भोक पाडलंय, पण त्यातली 3 अंडी 26 तासांपासून तशीच आहेत. भोकातून दिसणारा पडदा तपकिरी, वाळक्या कागदासारखा झालाय. बाकी 18 शांत आहेत. तापमान 37.5, आर्द्रता 58 दिसते. 19 व्या दिवशी चार तास लाईट नव्हती. मराठवाडा, मार्चअखेर, हवा कोरडी.

बाहेर आलेल्यांपैकी एकाचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात. एकाची बेंबी ओली आणि लाल आहे. दोघांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून घट्ट झालीये. कवच फोडून मदत करू का? आणि या चौघांचं काय?

खुडूक
आधी त्या तीन अंड्यांचं. बाकी पाचांना अजिबात हात लावू नका. टोच पडल्यापासून बाहेर यायला 12 ते 24 तास लागतात. त्या वेळात पिल्लू झोपलेलं नसतं, पडद्यातलं रक्त आणि पोटाबाहेरचा बलक आत ओढून घेत असतं. घाईने सोललं तर ते रक्त वाहून जातं आणि बलक बाहेरच राहतो. बहुतेक पिल्लं या घाईनेच मरतात.

26 तास झालेत आणि पडदा तपकिरी आहे, म्हणजे तो वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटलाय. इथे मदत करायलाच हवी, पण अशी:

खोलीचा पंखा बंद करा, हात धुवा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळा आणि पडदा ओला करा. नाकपुडीवर थेंब जाऊ देऊ नका. ओला झाला की पडदा पारदर्शक होतो आणि शिरा दिसतात. लाल, भरलेल्या शिरा दिसल्या तर थांबा. भोकाभोवतीचं नखाएवढं कवच काढून अंडं परत यंत्रात ठेवा, चार तासांनी पुन्हा बघा. शिरा नसतील, तर भोकापासून सुरू करून अंड्याच्या जाड टोकाकडची टोपी गोल रेषेत सोडवा. डोकं मोकळं झालं की काम संपलं. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्या, ते लाथ मारून स्वतः निघेल.

रक्ताचा थेंब आला तर त्या जागी चिमूटभर मक्याचं पीठ दाबा आणि अंडं लगेच आत ठेवा. पिल्लू चोच चावल्यासारखी उघडझाप करत असेल तर बलक अजून आत गेलेला नाही, वाट बघा.

बाकी 18 अंडी फेकू नका. चार तास गारवा लागला की उबवण अर्धा ते एक दिवस मागे पडते. 23 वा दिवस संपेपर्यंत थांबा. शेवटच्या दिवसांत थोडा गारवा सोसतो, जास्त उष्णता सोसत नाही.

पिल्लांची_खोली
आता बाहेर आलेल्या चौघांचं.

पाय फाकलेलं: आजच बांधा, आठवडा गेला की हाडं तशीच पक्की होतात. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची 1 सेंमी रुंद पट्टी कापा आणि दोन्ही पायांत, बोटांच्या वर आणि घोट्याच्या खाली, बेडीसारखी बसवा. मधलं अंतर 2 ते 2.5 सेंमी, म्हणजे नीट उभ्या पिल्लाच्या पायांत असतं तेवढं. पट्टी रोज बदला, पाय रोज जाड होतो. 2 ते 4 दिवसांत सुटतं. खाली वर्तमानपत्र असेल तर आधी काढा, हा बिघाड बहुतेक वेळा गुळगुळीत तळामुळेच होतो. गोणपाट किंवा रबरी जाळी टाका. पण सांधा सुजून पाय एकाच बाजूला वळला असेल तर सांध्यामागची स्नायूची दोरी घसरलेली असते. तिथे या बेडीचा उपयोग नाही.

ओली बेंबी: वेगळं ठेवा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात हलक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून दिवसातून दोनदा लावा. खाली स्वच्छ कापड अंथरा, तूस नको, तो चिकटतो. पोट फुगलं, वास आला, पिल्लू डोळे मिटून उभं राहिलं तर जंतू बलकात पोचलेत. मग औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या, माणसांच्या गोळ्या अंदाजाने फोडून देऊ नका. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात. बहुतेक वेळा मूळ कारण घाण लागलेली अंडी उबवायला ठेवणं हे असतं. बेंबीवर नुसता काळा कोरडा खपला असेल तर तो आजार नाही. विष्ठा समजून ओढून काढू नका, आतडं बाहेर येतं.

चिकटलेली विष्ठा: कोमट पाण्याचा बोळा दोन मिनिटं धरून मऊ करा, पुसा, कोरडं करा, खोबरेल तेल लावा. ओढायचं नाही. जागा शेपटीच्या अगदी खाली असते, बेंबी पोटावर. पिल्लांना गारठा किंवा जास्त उष्णता लागली, पाणी कमी पडलं की असं होतं.

आजारी पिल्लांच्या खोक्यात दिवा एकाच बाजूला लावा. दिव्याखाली 35 अंश, दुसरं टोक थंड. पिल्लू स्वतः जागा निवडतं. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते, जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब हवा. एकटं पिल्लू खाणं सोडतं, म्हणून मध्ये जाळी लावून पलीकडे दोन निरोगी पिल्लं ठेवा. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, तिचा वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो.

माळरान
अशक्त पिल्लांना गुळाचं पाणी तीन दिवस द्या, तरतरीत होतात.

पिल्लांची_खोली
दादा, तीन दिवस नको. 1 लिटरला 50 ग्रॅम गूळ, तेही पहिले 10-12 तासच. त्यानंतर विष्ठा पातळ आणि चिकट होते, म्हणजे वर लिहिलेलाच त्रास. ड्रॉपरने घशात पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ते गिळतं.

काटा_तपासा
पडदा वाळला म्हणजे तुमचे 58 खरे नसावेत. आर्द्रतेचा काटा असा तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळू देऊ नका. हे झाकण आणि काटा हवाबंद पिशवीत 8 तास ठेवा. काट्याने 75 दाखवायला हवं. 82 दाखवलं तर तो 7 ने पुढे आहे आणि तुमच्या यंत्रात खरी आर्द्रता 51 होती.

शेवटच्या तीन दिवसांत 65 ते 70 हवी. पाणी खोल असून फरक पडत नाही, पसरट हवं. उथळ ताट आणि त्यात उभा स्पंज ठेवा. दुसरं, झाकण उघडणं थांबवा. एकेक पिल्लू वाळलं की काढायचा मोह होतो, पण दर वेळी आतली ओल निघून जाते आणि टोचलेल्या अंड्यांचा पडदा वाळतो. पोटातल्या बलकावर पिल्लं 48 तास आरामात राहतात.

पुढच्या वेळी वजनावर चाला. 42 ग्रॅमचं गावरान अंडं 18 व्या दिवशी 37 च्या आसपास असावं. 35 भरलं तर हवा कोरडी, 39 भरलं तर ओल जास्त. तशी पिल्लं ओली, फुगलेली निघतात. पावसाळ्यात कोकणात पहिले 18 दिवस पाणी बहुधा लागतच नाही, तुमच्याकडे मार्चमध्ये दोन भांडीही कमी पडतील.

परसातली_अंडी
सकाळ. तिघांतली दोन बाहेर आली, तिसऱ्याच्या शिरा लाल दिसल्या म्हणून परत ठेवलंय. बाकी पाचांतली चार आपणहून निघाली. काटा 80 दाखवतोय. नव्यांपैकी एकाची बोटं आत वळलीत. आणि लस केव्हा?

खुडूक
तिसरं दुपारी पुन्हा बघा, शिरा फिक्या पडल्या असतील. काटा 80 दाखवतो म्हणजे 5 वजा करा, काल खरी आर्द्रता 53 होती.

वळलेल्या बोटांना जाड कागदाचा तुकडा तळव्याखाली धरा, बोटं सरळ पसरून वरून चिकटपट्टी लावा. दोन-तीन दिवस ठेवा. अशी एकाहून जास्त निघाली तर कोंबड्यांच्या खाद्यात बी-2 जीवनसत्त्व कमी आहे. पिल्लांना पोल्ट्रीचं बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या, अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य सुधारा.

मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी, एका डोळ्यात एक थेंब. बाटली आणताना बर्फात, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. आजारी पिल्लांना त्या दिवशी नाही, बरी झाल्यावर. रक्ती हगवणीचं ॲम्प्रोलियम आत्ताच पाण्यात घालू नका. तो आजार पहिल्या आठवड्यात दिसत नाही, 3 ते 6 आठवड्यांत येतो. तेव्हा 20 टक्क्यांची पावडर 1 लिटरला 1.2 ग्रॅम, 5 दिवस, आणि त्या काळात बी-कॉम्प्लेक्स बंद. हे औषध जंतूचं बी-1 अडवूनच काम करतं, वरून बी-1 दिलं की ते फुकट जातं.