मदत हवी आहे: बायबलच्या स्तोत्रातला ‘सेला’ मोठ्याने वाचायचा का?

घाईत_आहे: उद्या सकाळच्या उपासनेत स्तोत्र माझ्याकडे आलंय. मधेमधे कंसात ‘सेला’ आहे. तोंडाने म्हणायचं की गाळायचं? अर्थ काय? लांबण लावू नका प्लीज.

वसईकर: कुठलं स्तोत्र? वाचणार की गाणार? आम्ही कॅथलिक, आमच्याकडे मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी प्रतिसाद स्तोत्रात हा शब्द येतच नाही.

घाईत_आहे: आम्ही प्रोटेस्टंट. वाचायचंय, गाणार कशाला!

पश्चिमवारा: सेला म्हणजे खडक. अदोम या जुन्या राज्यातलं ठिकाण. बायबलात २ राजे १४:७ बघा.

तळटीप: तो शब्द वेगळा. इब्रीत (हिब्रूत) त्याच्या शेवटी ‘अयिन’ हे अक्षर आहे, याच्या शेवटी ‘हे’ नावाचं. हा सेला ३९ स्तोत्रांत मिळून ७१ वेळा येतो, शिवाय बायबलातल्याच हबक्कूक या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तीनदा. त्या ३९पैकी ३१ स्तोत्रांच्या मथळ्यात ‘मुख्य गवयासाठी’ आहे. म्हणजे बहुधा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीची खूण. नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही.

माईंची_सून: असं कसं? आमचे पाळक सांगतात, सेला म्हणजे थांबा आणि मनन करा. मी तिथे डोळे मिटते.

तळटीप: ताई, ३, २४ आणि ४६ ही स्तोत्रं सेलावरच संपतात. संपल्यावर थांबा कशाला सांगायचं? जुन्या ग्रीक भाषांतरात ‘दियाप्साल्मा’ आहे, त्याचा अर्थ वाद्यांचा मधला तुकडा असा लावतात. अरामी भाषांतरात ‘सर्वकाळ’. जुन्या भाषांतरकारांचंही जमलेलं नाही.

माईंची_सून: संपल्यावरच तर मनन करायचं असतं!

पदरकाठ: लग्नासाठी शेला हवा असेल तर येवल्याला जा. पुण्यात उगाच जास्त पैसे घेतात.

केडगाव_रोड: पंडिता रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर बघा. बाई इब्री आणि ग्रीक शिकून बसल्या होत्या. १९२४ साली केडगावला छापलं.

वसईकर: त्यात सेलाचं काय केलंय?

केडगाव_रोड: प्रत गावी आहे.

घाईत_आहे: ४६वं आहे हो! हो की नाही, एवढंच सांगा.

तळटीप: हे आधी सांगायचं. सेला ३, ७ आणि ११ या ओव्यांनंतर आहे. म्हणू नका. ३ आणि ७ नंतर श्वासभर थांबा, ऐकणाऱ्यांना कडवं संपल्याचं कळेल. ११ नंतर खाली बसा.

माईंची_सून: म्हणजे थांबायचंच ना?