नववीतल्या मुलाला घणसोलीहून ठाण्याला एकटं लोकलने पाठवणं: धीट करणं की बेफिकिरी?

घणसोलीकरीण:
मुलगा नववीत आहे. गणित-विज्ञानाचा क्लास ठाण्यात, नौपाड्यात. मागच्या वर्षी सासरे स्कूटरवरून ने-आण करायचे आणि विटाव्याच्या पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आजोबा-नातू दोघंही वैतागून घरी यायचे. या जूनमध्ये मी सांगून टाकलं, पास काढून देते, एकटा जा. जाताना पाचच्या सुमारास निघतो, म्हणजे रबाळे-ऐरोलीचा ऑफिसचा लोंढा सुरू व्हायच्या आत ठाण्याला. क्लास साडेआठला सुटतो.

गेल्या आठवड्यात येताना त्याचा गाडीत डोळा लागला. घणसोली गेलं, जाग आली ती थेट तुर्भ्याला. फोनची बॅटरी संपलेली. स्टॉलवाल्याला विचारून समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेला, ठाण्याकडची गाडी पकडून परत आला. घरात पाऊल टाकलं तेव्हा दहा वाजत आले होते. तोवर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते आणि नवरा स्टेशनबाहेर येरझारा घालत होता.

आता घरात ठराव असा की पुन्हा पोचवणं सुरू करायचं. माझा ठाम विरोध आहे. चुकला, पण स्वतःचं स्वतः निस्तरून आला ना? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दहावीतल्या घोड्याची बॅग आई लिफ्टपर्यंत उचलून नेते. अशी मुलं बारावीचा एक पेपर अवघड गेला की कोलमडणार नाहीत तर काय? मतं द्या.

नेरूळचे काका:
शंभर टक्के सहमत. तुर्भेच ना, पनवेल तर नव्हतं! आमच्या वेळी कोण सोडायला येत होतं? हल्ली पोरांना खरचटलं तरी आईबाप मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये.

कळवेकर:
काका, तुमच्या वेळची गर्दी आणि आजची गर्दी यांत फरक आहे. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. माझी रोजची लाईन तीच. त्यामुळे लोकलने मुलं तयार होतात वगैरे वाचलं की डोकं फिरतं. धोका तो धोका, त्याला शिकवणी म्हणू नका.

घणसोलीकरीण:
ते मेन लाईनला, सकाळच्या गर्दीत झालं. आमच्या ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लाईनला तो परततो त्या वेळी बसायला मिळतं, म्हणून तर झोपला! दारात उभं राहायचं नाही, गाडी भरलेली असली तर सोडून द्यायची, हे त्याला बजावलेलं आहे.

स्पष्टवक्ती:
मुलगी असती तर हाच धागा काढला असता का?

घणसोलीकरीण:
खरं सांगते, रात्रीच्या बॅचला नसतं पाठवलं.

स्पष्टवक्ती:
बघा. म्हणजे मुलीला धीट व्हायची गरज नाही असं तर तुम्ही म्हणणार नाही. फक्त तिच्यासाठी रस्ता, वेळ, सोबत यांचा विचार केला असता. तोच मुलासाठी का नाही? माझी मुलगी दहावीत आहे, कोपरखैरण्याहून वाशीला एनएमएमटीच्या बसने जाते. सुरुवातीला मी त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसायचे, ओळख न दाखवता. ती कुठे उभी राहते, उतरायच्या आधी पुढे सरकते का, सुटे पैसे हाताशी असतात का, सगळं पाहिलं. मग स्टॉपपर्यंत सोडायला लागले, मग तेही बंद केलं. आणखी एक. माझा आणि तिच्या मामाचा नंबर तिला तोंडपाठ आहे. तुमच्या मुलाला तुमचा आहे का? बॅटरी संपल्यावर स्टॉलवाल्याच्या फोनवरून एक कॉल लागला असता तर सासूबाईंचे देव कोरडे राहिले असते.

घणसोलीकरीण:
नंबर पाठ नाही त्याला. हे मान्य.

शाळाबाई:
मी एका शाळेत समुपदेशक आहे. तुमच्या पोस्टमध्ये आजी, बाबा, तुम्ही, सगळ्यांचं मत आलं. तो घरी आल्यावर काय म्हणाला ते नाही आलं.

घणसोलीकरीण:
"काही नाही, झोप लागली." एवढंच. बाबा ओरडले, मग खाली मान घालून जेवला आणि खोलीत गेला.

शाळाबाई:
मला काळजी तुर्भ्याची नाही, या "काही नाही"ची वाटते. रात्री नऊनंतर नको त्या स्टेशनवर, फोन बंद, चौदा वर्षांचं पोर घाबरलं असणारच. ते घरात सांगायची सोय आहे का? एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने शाबासकी द्यायची, यात त्याने घाबरलो म्हणावं कुणाला?

एमी वर्नर या संशोधिकेने हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. गरिबी, घरात व्यसन किंवा आजारपण अशा खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली मार्गी लागली. त्यांच्या बाबतीत वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे हक्काचं एक तरी मोठं माणूस. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. संकटं तर न सावरलेल्यांच्याही वाट्याला आली होती.

नेरूळचे काका:
हवाई बेटावर ट्रान्सहार्बर नाही. एक गाडी चुकली त्यावर समुपदेशन! उद्या पोळी करपली तरी समुपदेशन.

शाळाबाई:
गाडी चुकल्याबद्दल कुणीच समुपदेशन सांगितलेलं नाही, काका. जेवताना शेजारी बसून, न ओरडता, "घाबरलास का रे?" एवढं विचारायला सांगतेय. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, खाणं-झोप बिघडली असेल, मित्र तोडत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

सेक्टर सातची:
माझ्याकडे कामाला येतात त्या ताईंची मुलगी सातवीत आहे. घरचं पाणी भरते, धाकट्या भावाला बालवाडीत सोडते, मग स्वतः शाळेत. सगळं एकटी. तिच्या कणखरपणावर धागा निघत नाही, कारण तिथे हा प्रयोग नसून नाइलाज आहे. परवा तिला विचारलं, मोठी होऊन काय करणार? म्हणाली, "झोपणार." आम्ही हसलो. नंतर हसू आलं नाही.

साधा प्रश्न:
या झोपेवरच यायचं होतं. ठाणे ते घणसोली काही पुण्याचा प्रवास नाही, मधे तीन स्टेशनं. तेवढ्यात मुलाला अशी झोप लागते की तुर्भ्यापर्यंत जाग येत नाही, आणि आपण सगळे गाडीवर भांडतोय! शाळा किती वाजता भरते? चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवा, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. नववीवाल्यांचा त्यात विचार नाही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. शिवाय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने घेऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय.

कळवेकर:
सूचनाच त्या. पाळतंय कोण? आमच्या इथे सातवीपासून फाउंडेशनच्या बॅचेस आहेत.

घणसोलीकरीण:
शाळा सातची. सव्वासहाला उठतो, झोपायला साडेअकरा होतातच. क्लास बंद करणं घरात कुणालाच पटणार नाही, मलाही नाही. शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये जागा आहे का विचारते. नंबर आज पाठ करून घेते. शाळाबाई, विचारेन त्याला, पण बाबा नसताना. मात्र पोचवायला कुणी जाणार नाही, यावर मी कायम आहे.

नेरूळचे काका:
शाब्बास. शेवटच्या वाक्यासाठी.

कळवेकर:
रविवारची बॅच घेतलीत तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. ट्रान्सहार्बरचा असला की गाड्या बंद, मग आहेच विटाव्याचा पूल.