डीएनए दुरुस्तीवर पीएचडी करावी का? आता त्यात काही उरलंय का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी कराडची. यंदा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाले, नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) ही मिळाली. बंगळूरच्या एका लॅबमध्ये निवड झाली आहे. विषय आहे जिवाणूंमधली डीएनए दुरुस्ती. पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचं आहे.

बाबा विचारतात, "जिवाणूंची दुरुस्ती करून कुणाचं भलं होणार?" मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच विषयाला मिळालं. लिंडाल, मॉड्रिच आणि संजार या तिघांनी तीन मोठ्या दुरुस्ती-यंत्रणा उलगडून ठेवल्या. मग आपण मागे राहिलेलं धान्य वेचत पाच-सहा वर्षं घालवायची का? आईच्या डोक्यात दोन वर्षांत लग्न आहे, तो विचार आहेच. या विषयात खरोखर आयुष्य काढलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

सातारी मास्तर:
अभिनंदन. पैशांचं तेवढं मी सांगतो. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पण फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येतेच असं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना काही वेळा चार-चार महिने थांबावं लागलं आहे. पाच-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच जा. विषयाबद्दल जाणकार बोलतील.

आगरकट्टा:
मी २६ वर्षं याच विषयात आहे, त्यामुळे लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

डीएनए पाण्यात असतो आणि ते पाणीच त्याला झिजवत असतं. ऊन, धूर, औषधं हे सगळं नंतरचं. लिंडाल यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं. आपल्या एकेका पेशीत रोज सुमारे १०,००० प्युरिन बेस, म्हणजे डीएनएची ए आणि जी ही अक्षरं, आपोआप गळून पडतात. म्हणजे तू हे वाचत असताना तुझ्या प्रत्येक पेशीत हे काम चालू आहे. बाबांना हे सांग. जिवाणूत ते कसं चालतं ते आधी कळलं, म्हणून माणसात कुठे शोधायचं ते कळलं.

आता तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मी एव्हलिन विटकिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बाईंच्या आयुष्यावरून देईन, कारण मला स्वतःला ते तिथेच मिळालं.

१९४४ चा उन्हाळा, न्यूयॉर्कजवळची कोल्ड स्प्रिंग हार्बर ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा. विटकिनबाई तेव्हा २३ वर्षांच्या. त्याआधी तीन वर्षांपूर्वी न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना आणि आणखी सहा विद्यार्थ्यांना निलंबित केलं होतं. मिसुरी विद्यापीठाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यातून लिओनार्ड बेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळलं गेलं, त्याच्या निषेधात हे सातजण पुढे होते. त्यामुळे त्या कोलंबिया विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ डॉबझान्स्कींकडे गेल्या आणि फळमाश्यांवर काम करू लागल्या. जिवाणू त्यांनी कधी हाताळले नव्हते. कोल्ड स्प्रिंग हार्बरला पोचल्यावर तिथले संचालक डेमेरेक यांनी सांगितलं, यूव्हीने (अतिनील किरणांनी) ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, घडवून बघ. मात्रा किती द्यायची ते त्यांना ठाऊक नव्हतं, ती जास्त झाली. सुमारे ५०,००० जिवाणूंमधून वाढल्या चार कॉलनी, म्हणजे एकेका वाचलेल्या जिवाणूपासून वाढलेले चार ठिपके.

इथे मी दरवर्षी नव्या मुलांना थांबवते. "तुम्ही काय केलं असतं?" सगळे म्हणतात, प्लेटा (जिवाणू वाढवायच्या बशा) टाकून दिल्या असत्या, मात्रा कमी केली असती. मीही तेच केलं असतं. त्यांनी त्या चार कॉलनी उचलल्या, वाढवल्या आणि परत यूव्हीखाली धरल्या. त्या मरेनात. तो गुण पुढच्या पिढ्यांतही उतरला. मूळ ई. कोलायची जात बी, तिच्यातून निघालेली किरणांना न जुमानणारी ही बी/आर जात, आणि किरणांना तोंड देण्याची ताकद जनुकांत असते हे त्यातून दिसलं. डीएनएची रचना कळायला तेव्हा नऊ वर्षं अवकाश होता!

पण त्या चार कॉलनी का वाचल्या, हे कळायला किती काळ गेला बघ. मूळची बी जात यूव्ही लागल्यावर विभागायची थांबते आणि सापासारखी लांबच लांब वाढत जाते, शेवटी मरते. बी/आर मात्र विभागत राहते. विटकिनबाई या लांबलेल्या पेशींकडे वर्षानुवर्षं बघत राहिल्या. १९६७ मध्ये त्यांनी मांडलं की जिवाणूच्या आत निद्रिस्त असलेला विषाणूही यूव्हीने असाच जागा होतो, तेव्हा दोन्हींच्या मागे एकच बटण असणार. तीन वर्षांनी मिरोस्लाव्ह रादमान यांनी आणखी पुढची कल्पना पत्राने कळवली, की त्याच बटणाने चुका करत पुढे जाणारी यंत्रणाही चालू होत असेल, आणि तिला संकटातल्या हाकेवरून नाव दिलं एसओएस. १९७६ मध्ये विटकिनबाईंनी विखुरलेले सगळे धागे एका मोठ्या लेखात गुंफले. माझी त्याची झेरॉक्स आता पिवळी पडली आहे, पण टाकवत नाही.

ते बटण असं चालतं. डीएनएला इजा झाली की एकेरी धागा उघडा पडतो. रेकए नावाचं प्रथिन त्यावर गुंडाळतं. लेक्सए नावाचं दुसरं प्रथिन एरवी चाळीसेक जनुकांची तोंडं दाबून बसलेलं असतं. रेकएच्या त्या गुंडाळीपाशी आलं की लेक्सए स्वतःच तुटतं, आणि ती जनुकं एकदम चालू होतात. आधी नीट दुरुस्ती करणारी. एवढ्याने भागलं नाही तर अगदी शेवटी असा एन्झाइम येतो जो खराब जागेवरून कसंही करून पुढे लिहीत जातो, चुका झाल्या तरी चालतील म्हणून. यूव्हीने म्युटेशन का होतात, त्याचं उत्तर हे. तो एन्झाइम, पॉलिमरेज पाच, हाती लागला १९९९ मध्ये. विटकिनबाई १९९१ मध्ये निवृत्त झाल्या होत्या. २०१५ मध्ये, ९४ व्या वर्षी, स्टीफन एलेज या शास्त्रज्ञाबरोबर त्यांना लास्कर हा वैद्यकीय संशोधनातला मोठा अमेरिकी पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये १०२ व्या वर्षी त्या गेल्या.

ज्यांना नोबेल मिळालं ते तिघं मला वंदनीय आहेत. पण नोबेल तीन वाटांना मिळालं, आणि एसओएस त्या तिन्हींत नाही. विषय संपला असं त्यावरून समजू नकोस.

आता उरलंय काय? एकच सांगते, कारण ते आपल्या दारातलं आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी घेतलं असेल. ते जिवाणूचा डीएनए तोडतं. म्हणजे तेच एसओएसचं बटण दाबतं, आणि मरता मरता जिवाणू म्युटेशनचा वेग वाढवतो. २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचं लेक्सए तुटूच शकत नाही असे ई. कोलाय घेतले, तर उंदरांच्या शरीरात त्यांना सिप्रोविरुद्ध प्रतिकार कमवता आला नाही. क्षयाच्या जिवाणूकडे तर ई. कोलायसारखी डीएनएच्या अक्षरांच्या चुकीच्या जोड्या तपासणारी यंत्रणाच नाही. तो ते काम वेगळ्या प्रथिनाने करतो, आणि तेही २०१७ मध्ये कळलं. ज्या देशात औषधांना न जुमानणारा क्षय घरोघरी माहीत आहे, तिथे बसून कुणी म्हणावं की यात काही उरलं नाही?

माझ्याबद्दल थोडं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी पुण्यात माझा यूव्हीचा आलेख जुळेना. तीच जात, तेवढेच सेकंद, आणि एका दिवशी दुसऱ्या दिवसाच्या दहापट जिवाणू जगलेले. सात महिने मी जिवाणू वाढवायचं माध्यम बदललं, पिपेट तपासले, रात्री घरी येऊन रडले. मग एकदा वही मागून पुढे वाचत गेले. कमी जगलेल्या प्रत्येक प्रयोगाच्या समासात माझ्याच अक्षरात होतं, 'गुरु., लाईट नाही'. गुरुवारी आमच्याकडची वीज जायची. आमची खोली आतली, बिनखिडकीची. जनरेटरवर फक्त यूव्हीचा बॉक्स आणि इन्क्युबेटर चालायचे. ट्यूबलाईट बंद, मी टॉर्च लावून प्लेटा पसरायची. उरलेले सहा दिवस ट्यूबलाईटचा उजेड माझे जिवाणू दुरुस्त करत होता! फोटोलायेज नावाचा एन्झाइम निळसर उजेडाची ऊर्जा घेऊन यूव्हीने पडलेल्या गाठी सोडवतो. म्हणूनच अशी कामं पिवळ्या दिव्याखाली करतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

नंतर कळलं की हा परिणाम १९४९ मध्ये आल्बर्ट केल्नर यांना असाच सापडला, तोही कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच. ते तापमानाचा परिणाम शोधत होते, निघाला उजेड. आणि तुझ्या यादीतले अझीझ संजार तुर्कस्तानात डॉक्टरकी सोडून अमेरिकेत डॅलसला गेले ते याच एन्झाइमच्या मागे. त्या दिवशी मी वही मिटली आणि ठरवलं, हेच करायचं. अजून तेच करते.

नीरेकडची:
मी विज्ञानातली नाही. तरी लिहिते, कारण बाबांचा प्रश्न वाचला. माझ्या थोरल्या बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झाला. केमो संपल्यावर डॉक्टरांनी बीआरसीए१ या जनुकाची तपासणी केली, त्यात दोष निघाला, आणि ऑलापरिबच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी समजावलं की कॅन्सरच्या पेशीकडे डीएनए दुरुस्तीचा एक रस्ता आधीच बंद आहे, ही गोळी दुसरा बंद करते. तिसरं वर्ष चालू आहे. दिवाळीला ताईने स्वतः चकल्या पाडल्या. कुणीतरी कुठेतरी जिवाणू मोजत बसलं होतं म्हणून हे झालं असेल, तर तू जरूर जा ग.

आगरकट्टा:
नीरेकडची, तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. हो, असंच झालं. बीआरसीए बिघडलेल्या पेशी पार्प हा एन्झाइम अडवला की मरतात, हे २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. निरोगी पेशीत त्या जनुकाची एक प्रत शाबूत असते, म्हणून ती तरते. बीआरसीए जी तुटलेल्या डीएनएची जोडणी करायला मदत करतं, तिच्या मध्यभागी आपल्या रेकएचाच मानवी भाऊबंद आहे, रॅड५१. कृष्णाकाठ, तुझ्या बाबांना यांचा निरोप वाचून दाखव, माझा नाही.

कृष्णाकाठ:
वाचून दाखवला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कधी जायचं आहे?" ताई, आणखी दोन गोष्टी. हो म्हणण्याआधी गाईडना काय विचारू? आणि लग्नाचं काय?

आगरकट्टा:
गाईडना नंतर विचार, आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. थिसिस जमा व्हायला किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, प्रयोग फसल्याचं गाईडना सांगायला भीती वाटायची का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा थबकला तर दोनदा विचार कर. माझ्या सात महिन्यांतले चार मी भीतीपोटी गप्प बसून घालवले.

लग्नाबद्दल मी तुला दुसऱ्याचं आयुष्य सांगू शकते, सल्ला नाही. विटकिनबाईंना मुलं झाल्यावर त्या काही वर्षं अर्धवेळ काम करत होत्या, त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या कार्नेगी संस्थेने तशी सोय दिली, आणि त्यांच्या कामाची पाळंमुळं त्याच वर्षांतली आहेत. माझी मुलगी पीएचडीच्या चौथ्या वर्षी झाली. सासूबाई पंढरपूरहून येऊन दहा महिने आमच्या दोन खोल्यांत राहिल्या. ज्या दिवशी मला निघता यायचं नाही त्या दिवशी माझ्या प्लेटा शेजारच्या लॅबमधली मैत्रीण मोजायची आणि आकडे फोनवर सांगायची. असं कुणी तुझ्या बाजूने उभं राहील का, हे मुलगा बघताना स्पष्ट विचारून घे. लाजू नकोस.

आणि पहिल्या आठवड्यातलं काम. यूव्हीचा २५४ नॅनोमीटरचा दिवा लावताना चेहरा झाकणारी पॉलिकार्बोनेटची ढाल आणि लांब बाह्यांचा कोट, मनगट उघडं राहता कामा नये. दिवा लावून थोडा वेळ स्थिर होऊ दे, मग सेकंद मोज. आणि प्लेटचं झाकण काढूनच दिव्याखाली ठेव. त्या प्लास्टिकमधून २५४ जात नाही, सगळे जिवाणू जगतात आणि माणूस दोन दिवस स्वतःला शहाणा समजत बसतो.