गावात बैठक नाही, आणि देवळाची पायरी चढवत नाही

प्रश्न (खाडीकाठचा, रत्नागिरी जिल्हा):

मुंबईत नोकरीला असताना मला दारूचे व्यसन लागले आणि तेथेच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांमुळे ते थांबले. पुढच्या महिन्यात त्याला एक वर्ष होईल. आईच्या आजारपणामुळे आता मी गावी परतलो आहे. सर्वांत जवळची बैठक एसटीने दोन तासांवर असून परतीची शेवटची गाडी बैठक संपण्याआधीच सुटते. फोनवरच्या बैठकांना बसतो, परंतु आमच्या वाडीत आवाज मध्येच तुटतो, आणि समोर माणूस नसला की माझे बोलणेही तुटते.

दुसरी अडचण सांगायला संकोच वाटतो. मुंबईला जाण्यापूर्वी मी ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवून तीन वेळा शपथ घेतली आणि तिन्ही वेळा मोडली. तेव्हापासून देवळाची पायरी चढलेलो नाही. संघटनेच्या बारा पायऱ्यांमधील, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या बारा टप्प्यांमधील, ईश्वराचा उल्लेख मुंबईत मला जड गेला नाही. येथे मात्र तोच ईश्वर माझ्या मोडलेल्या शपथांचा साक्षीदार आहे. त्यातच घरातला कर्ता पुरुष म्हणून राखणदाराला, म्हणजे राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा आणि दारूचा नैवेद्य (आमच्याकडे त्यालाही ‘राखण’ म्हणतात) यंदा मलाच द्यायचा आहे. बाटली हातात घेण्याची मला भीती वाटते. एकट्याने केलेल्या प्रार्थनेवर आणि चिंतनावर असा माणूस तगू शकतो का?

उत्तर १ (पागवाला, सिंधुदुर्ग):

दादा, एकट्याने तगण्याचा प्रयत्न मी केला आहे आणि तो तुम्ही करू नये असे मला मनापासून वाटते. आपल्या संघटनेची सुरुवातच या प्रश्नातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात तिचे एक संस्थापक बिल विल्सन हे धंद्यातील अपयश घेऊन अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात एकटे उभे होते. समोर मद्यगृह होते, आणि त्यांनी तेथे न जाता चर्चच्या पाद्र्यांना फोन लावून आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे असे सांगितले. त्यातून त्यांची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. डॉक्टरांनी १० जूनला शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस स्थापनादिन मानला जातो. म्हणजे पहिली बैठक दोन माणसांची होती. दारू न पिण्यासाठी दोघे-तिघे एकत्र बसले तरी त्याला समूह म्हणता येते, हे संघटनेच्या तिसऱ्या परंपरेतच, म्हणजे समूहांसाठीच्या तिसऱ्या तत्त्वातच, सांगितले आहे.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, हाती पैसा नाही, दिवसभर पाऊस. माझे पिणे सर्वाधिक त्याच दोन महिन्यांत होई. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका पावसात मी आणि शेजारच्या वाडीतला एक जण जाळी शिवण्याच्या मांगरात (झोपडीवजा शेडमध्ये) दर मंगळवारी बसू लागलो. आज आम्ही पाच जण आहोत. जाळी शिवताना नजर खाली असते, त्यामुळे लाजेच्या गोष्टी बोलणे सोपे जाते, हे मला तेथे उमगले.

शपथेविषयी माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही देवाला जन्मभराचा शब्द दिलात, आणि तो आपल्यासारख्या आजारी माणसाच्या आवाक्यातला नव्हता. बैठकीत आपण फक्त आजच्या दिवसापुरते बोलतो. आपल्या गाऱ्हाण्याची रीत आठवून पाहा: गावकर एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसे ‘व्हय महाराजा’ म्हणून ते उचलून धरतात. पाचवी पायरीदेखील आपल्या चुका ईश्वराजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ बोलायला सांगते. तुमच्या तीन शपथांच्या मागे ‘व्हय’ म्हणणारे कोणी नव्हते. राखणीचे म्हणाल, तर आमच्या घरची राखण चुलतभाऊ देतो. मी नारळ ठेवून हात जोडतो आणि घरी येतो. एवढ्या वर्षांत राखणदार रागावल्याचे कोणाला जाणवलेले नाही.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक, रायगड जिल्हा):

मी देव मानत नाही आणि गेली १४ वर्षे मी दारू प्यायलेलो नाही. १९३९ साली बारा पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा ‘आम्हाला समजलेला ईश्वर’ हे शब्द त्यांत आले, आणि ते येण्यामागे सुरुवातीच्या सभासदांतील अश्रद्ध मंडळींचा आग्रह होता. माझ्यापुरती ती शक्ती म्हणजे समोर बसलेली माणसे. रोज रात्री मी वहीत तीन गोष्टी लिहितो: आज कोणाला दुखावले, कशाची भीती वाटली आणि कोणाची क्षमा मागायची राहिली. दहावी पायरी मी अशी पाळतो. मात्र वही माझ्या चुकांना उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ती एका मित्राला वाचून दाखवतो. अकराव्या पायरीतील ध्यानासाठी पहाटे समुद्राकाठी चालणे मला पुरते. तुम्हाला देवळात जाणे अवघड वाटत असेल तर घाई करू नका. पायऱ्यांमध्ये देवळाची अट कोठेही नाही.

उत्तर ३ (एक पत्नी, दापोली परिसर):

भाऊ, तुमच्या आईंना यातले किती ठाऊक आहे? घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. तेथे गेल्यावर मी यजमानांच्या खिशांची झडती घेणे सोडले आणि आमच्या घरात पुन्हा बोलणे सुरू झाले. एक कळकळीची सूचना करते. कधी घसरलात आणि रोजचे पिणे पुन्हा सुरू झाले, तर ते एकाएकी बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. आमच्याकडे हे माहीत नव्हते. दारू थांबवल्यानंतर दुसऱ्याच रात्री यजमानांना आकडीचा झटका आला होता.

प्रश्नकर्ता:

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. राखणीबद्दल काल चुलत्यांशी बोललो. कारण सांगताना आवाज कापत होता, पण त्यांनी लगेच होकार दिला. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारले की त्यांच्या धाकट्या मुलाला मी माझ्यासोबत बसवीन का. तो मुलगा शनिवारी दुपारी आमच्या पडवीत येणार आहे.