साताऱ्याचा नवा राजवाडा पाडून पार्किंग?

शाहूपुरीकर: कुणीतरी लिहिलंय, 'राजवाड्यातून कोर्ट गेलं, आता गुलामीची ती खूण पाडा आणि पार्किंग करा.' डोकंच फिरलं. नवा राजवाडा १८३८ ते १८४४ मधला, छत्रपतींसाठी बांधलेला. काम चालू असतानाच १८३९ ला इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांच्या जागी आलेले भाऊ आप्पासाहेब महाराज १८४८ ला गेले, गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नाकारला, राज्य खालसा. इंग्रजांनी कोर्ट भरवलं ते त्यानंतर. अन्याय झाला आपल्यावर, आणि पुरावाही आपणच पाडायचा?

पेठकरी: लिहिणारा मीच. कृष्णा-वेण्णेवरचे पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनंच तो वाडा बांधलाय, उगाच त्यात शिवकाळ शोधू नका. आणि संग्रहालय करा म्हणू नका. एसटी स्टँडजवळ आहे की एक, २०२४ ला वाघनखं तिथंच आली होती.

वकीलकाका: माझी उमेदवारी त्याच वाड्यात गेली. बांधाच्या दाव्यातले पक्षकार भाकरी बांधून यायचे आणि व्हरांड्यात तारखेची वाट बघायचे. पावसाळ्यात दप्तरावर ताडपत्री असायची, तरी वाडा उभा राहिला, कारण माणसांची ये-जा होती. शेजारचा १८२४ चा जुना वाडाही शाळा भरली म्हणून टिकला. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला त्याच शाळेत घातलं.

मंगळवारपेठ: ते राहू दे. संध्याकाळी राजवाड्यावर गाडी लावून दाखवा कुणीतरी! आधी ती खाण्याच्या गाड्यांची चौपाटी हलवा.

भेळप्रेमी: चौपाटीला हात लावायचा नाही. गोरगरिबांची पोटं आहेत त्यावर. तुम्ही चारचाकी घेऊन येताच कशाला?

मंगळवारपेठ: आईचे गुडघे गेलेत, डॉक्टरकडे न्यायचं असतं. तुमच्या भेळेच्या गाड्यावरून नेऊ?

भेळप्रेमी: रिक्षा नावाची वस्तू ऐकलीय का?

मंगळवारपेठ: रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत. साताऱ्यात राहता ना?

शाहूपुरीकर: अरे, विषय वाड्याचा आहे!

पेठकरी: बरं, नका पाडू. ठेवा तसाच कुलूप लावून, वटवाघळांना छत्रपतींची वास्तू मिळेल.

वकीलकाका: कुलूप नकोच म्हणतोय मी. ग्रंथालय करा, अभिलेखागार करा, नाहीतर दाखले द्यायचं एखादं कार्यालय आणा. रोज माणूस आत गेला पाहिजे.

पेठकरी: कार्यालय आणा, म्हणजे आणखी शंभर गाड्या. त्या कुठं लावणार काका?

मंगळवारपेठ: हेच तर मघापासून सांगतोय!