शब्दचर्चा : प्रमाणन, प्रमाणीकरण, प्रतवारी, मानांकन, शेतमालासाठी कुठे कोणता शब्द?

आंबिया :
नमस्कार. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातल्या संत्रा उत्पादक गटांसाठी चार पानी माहितीपत्रक करायचे आहे. मूळ मसुद्यात सर्टिफिकेशन, ग्रेडिंग, क्वालिटी अशुरन्स, ॲक्रेडिटेशन हे शब्द पानोपानी आहेत आणि सरकारी कागदांत एकेकाला तीन-तीन प्रतिशब्द सापडतात. 'प्रमाणन' लिहू की 'प्रमाणीकरण'? 'गुणवत्ता हमी' चालेल का? मसुद्यातले एक वाक्य असे आहे, ते तपासून द्या : "भौगोलिक मानांकनामुळे नागपुरी संत्र्याच्या गुणवत्तेचे प्रमाणीकरण झाले असून त्याला हमी मिळाली आहे."

कोशपाने :
'प्रमाण'च्या मुळाशी 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. त्यातून माप, पुरावा आणि आदर्श असे तिन्ही अर्थ आले, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'ईकरण' लागले की 'जे तसे नव्हते ते तसे करणे' असा अर्थ येतो : शुद्धीकरण, सपाटीकरण. त्या हिशेबाने 'प्रमाणीकरण' म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी एका मापात आणणे. लेखनाचे प्रमाणीकरण म्हणतो ते याच अर्थाने. एखादी गोष्ट ठरलेल्या मापाला उतरली अशी लेखी साक्ष देणे याला 'प्रमाणन' जास्त नेमका.

पण व्यवहाराने वेगळा कौल दिला आहे. अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या नावातच 'प्रमाणीकरण' आहे आणि शेतकऱ्याच्या कानाला तोच शब्द सरावाचा आहे. माहितीपत्रकात तोच ठेवा. मात्र मग स्टँडर्डसाठी 'प्रमाण' वापरू नका, 'मानक' लिहा. एका पानावर एका शब्दाचे दोन अर्थ नकोत.

कळमना :
'गुणवत्ता हमी' अजिबात नको, भाऊ. आपल्याकडे 'हमी' म्हटले की हमीभाव, दुसरे काही डोक्यात येत नाही. "संत्र्याला हमी मिळाली" असे छापाल तर लोक खरेदी केंद्र कुठे आहे ते विचारायला येतील. संत्र्याला केंद्र सरकारचा हमीभाव नाही.

ज्याला तुम्ही अशुरन्स म्हणून राहिले, ते काम लागवडीपासून पेटीपर्यंतच्या नोंदींचे आहे : कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, तोडणीच्या किती दिवस आधी. माल तयार झाल्यावर नमुना काढून तपासणे हे निराळे काम. पहिल्याला 'गुणवत्तेची खबरदारी' म्हणा, दुसऱ्याला 'गुणतपासणी'. 'गुणनियंत्रण'ही टाळा. कृषी विभागात गुणनियंत्रण निरीक्षक हा बियाणे, खते, कीटकनाशके तपासणारा माणूस असतो, फळे तपासणारा नाही.

ग्रेडिंगला 'प्रतवारी' हा चांगला रुळलेला शब्द आहे. पण प्रतवारी म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. संत्रा आकाराने, रंगाने, डागाने वेगळा करून कॅरेटमध्ये भरला, बारीक फळ चुरी म्हणून बाजूला काढले, की प्रतवारी झाली. ती शेतकरी करतो, व्यापारी करतो, यंत्रही करते. तिथे कोणी तिसरा माणूस सही करत नाही.

बीजकण :
कळमना भाऊंनी मुद्द्याला हात घातला. प्रतिशब्द निवडण्याआधी सही कोणाची आणि कशावर, हे पाहा. बियाण्याच्या पिशवीवर हे लख्ख दिसते. पैदासकार बियाण्याचा टॅग पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. पायाभूत आणि प्रमाणित बियाण्यामागे प्रमाणीकरण यंत्रणेने केलेली शेताची पाहणी आणि लॉटची, म्हणजे एकत्र तयार झालेल्या साठ्याची, तपासणी असते. हिरव्या टॅगचे ते 'सत्यप्रत' बियाणे. तिथे उत्पादक स्वतःच लेबलवर लिहितो की उगवण इतकी, शुद्धता इतकी. त्रयस्थाची सही नसते. म्हणून सत्यप्रत बियाणे लगेच वाईट ठरत नाही, किमान उगवणशक्तीचे मानक त्यालाही लागू आहे. पण त्याला 'प्रमाणित' म्हणणे चूकच.

इथे 'प्रत' शब्दही बघण्यासारखा आहे. 'प्रतवारी'तली प्रत म्हणजे दर्जा, 'साक्षांकित प्रत' मधली म्हणजे नक्कल. 'सत्यप्रत' वाचून अनेकांना 'खऱ्या दर्जाचे' असे वाटते. शब्दाने दिलेला दिलासा कागदावर नसतो.

सोयाबीनचे उगवणशक्तीचे किमान मानक 70 टक्के आहे. टॅग निळा असो वा हिरवा, पेरणीआधी घरी तपासाच. ओल्या गोणपाटावर 100 दाणे, दहा-दहाच्या ओळीत, दाण्याला दाणा न चिकटता ठेवा. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी धडधाकट कोंब मोजा. असे तीन संच लावून सरासरी काढा. सोयाबीनचे टरफल फार पातळ. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आदळली किंवा थप्पी सहा-सातच्या वर चढवली, की दाणा वरून साजरा दिसतो आणि आतून अंकुर मेलेला असतो. प्रमाणपत्र लॉट तपासला त्या दिवसाचे असते. नंतरच्या हाताळणीची साक्ष ते देत नाही. तक्रारीची वेळ आलीच तर टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर बियाणे, ही चारही हाताशी हवीत.

कोशपाने :
मग 'कशावर सही' याच धाग्याने 'ॲगमार्क', म्हणजे शेतमालाच्या दर्जाची सरकारी खूण, घ्या. त्याचा कायदा 1937 चा आणि त्याच्या नावातच 'प्रतवारी' आणि 'चिन्हांकन' असे दोन वेगळे शब्द आहेत. आधी प्रत ठरवायची, मग चिन्ह लावायचे. हे काम पाहणाऱ्या पणन व निरीक्षण संचालनालयाचे शाखा मुख्यालय आणि केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा, दोन्ही नागपुरातच आहेत. पॅकिंग करणारा आधी अधिकारपत्र घेतो, मान्य प्रयोगशाळेत लॉट तपासून घेतो, आणि मगच लेबल लावतो. म्हणजे सही मालाच्या त्या लॉटवर आहे, शेतावर नाही.

वर्धेकाठ :
आणि सेंद्रियमध्ये नेमके उलट. तिथे सही जमिनीवर आणि पद्धतीवर असते. संत्रा प्रयोगशाळेत निर्मळ निघाला म्हणून तो सेंद्रिय ठरत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकाला पेरणीआधी 2 वर्षे आणि संत्र्यासारख्या बहुवार्षिक पिकाला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी 3 वर्षे रूपांतर काळ, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, धरतात. या काळातला माल 'रूपांतरातला' म्हणूनच विकायचा. शेजारच्या बागेतली फवारणी वाऱ्याने येते, म्हणून बांधालगत मोकळी किंवा आडोशाच्या झाडांची पट्टी लागते. बहुतेक बागा इथेच अडकतात, कारण कडेची एक ओळ सोडणे जिवावर येते.

गट प्रमाणीकरणात आणखी एक गोष्ट ठळक अक्षरांत छापा : प्रमाणपत्र गटाचे असते. एकट्या सभासदाने त्याची झेरॉक्स दाखवून बाहेर माल विकणे चालत नाही. प्रत्येक विक्रीमागे वेगळे व्यवहार प्रमाणपत्र लागते. निर्यातदार त्याला 'टीसी' म्हणतात, पण गावात टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, म्हणून पूर्ण नावच लिहा.

दुसरी वाट पीजीएसची. तिला 'सहभागी हमी पद्धत' म्हणतात. पुन्हा 'हमी' आली, पण हे योजनेचे रुळलेले नाव असल्याने बदलता येणार नाही. किमान 5 शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेताची पाहणी, शपथ, नोंदवही. रूपांतर काळात 'पीजीएस ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक'. ही देशातल्या बाजारासाठी आहे. निर्यातीला त्रयस्थ संस्थेचेच प्रमाणपत्र हवे. 'थर्ड पार्टी'ला 'तृतीय पक्ष' लिहिलेले पाहिले की वाईट वाटते. 'त्रयस्थ' इतका चोख शब्द घरात असताना तो का सोडायचा?

आंबिया :
'सेंद्रिय', 'जैविक', 'नैसर्गिक', 'विषमुक्त' यांचे काय? मसुद्यात चारही एकमेकांच्या जागी वापरलेत.

वर्धेकाठ :
ते आधी दुरुस्त करा. हिंदीत ऑरगॅनिकला 'जैविक', म्हणून पाकिटावरच्या बोधचिन्हात 'जैविक भारत' आहे. मराठीत 'जैविक' म्हणजे जिवाणू, बुरशी, मित्रकीटक यांच्याशी संबंधित : जैविक खत, जैविक कीडनियंत्रण. आपला शब्द 'सेंद्रिय'. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख मिशन आधी 'जैविक शेती'च्या नावाने होते, पुढे 'नैसर्गिक शेती' झाले. त्यामुळे आपल्या भागात गोंधळ थोडा जास्त आहे. 'विषमुक्त' हा शब्द मनाला भिडतो, पण त्यामागे प्रमाणपत्र असेलच असे नाही. विकणाऱ्याने स्वतः म्हटले, एवढाच त्याचा आधार असू शकतो.

'रेसिड्यू फ्री' त्याहून वेगळे. तिथे फवारणी केलेली असते, पण प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी यांच्यात सोडायचे दिवस) पाळल्याने औषधाचा उर्वरित अंश मर्यादेच्या आत असतो. ज्या औषधाला त्या पिकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम धरतात. 'अंशमुक्त' लिहू नका, 'उर्वरित अंश मर्यादेत' लिहा.

कळमना :
एक धान्याचा शब्द राहिला : 'एफएक्यू', म्हणजे 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी'. सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर हाच शब्द चालतो, मराठी रूप कोणी बोलत नाही. 'एफएक्यू दर्जा' तसाच ठेवा आणि पुढे अर्थ सांगा : ओलावा 12 टक्क्यांच्या आत, काडीकचरा आणि माती 2 टक्क्यांच्या आत, वगैरे. 2024 च्या खरिपात ओलाव्याची मर्यादा केंद्र सरकारने 15 टक्के केली होती, पण ती त्या हंगामापुरती सवलत होती.

ओलाव्याचा हिशेब लोक चुकवतात. 15 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर वाळवले तर 97 किलो भरत नाही, 96.6 किलो भरते. कोरडा भाग 85 किलो, तो आता एकूण वजनाच्या 88 टक्के असायला हवा, म्हणून 85 भागिले 0.88. 'ओलावा' आणि 'ओल' हेही वेगळे ठेवा : दाण्यात ओलावा, जमिनीत ओल.

कोशपाने :
आता 'मानांकन'. टेनिसमध्ये 'अग्रमानांकित खेळाडू' म्हणतो, तो क्रमाचा अर्थ. त्यामुळे 'भौगोलिक मानांकन' ऐकले की कोणीतरी फळाला गुण देऊन वरचा नंबर दिला असे वाटते. प्रत्यक्षात ही नावाची नोंदणी आहे : हे नाव अमुक भागातल्या, अमुक वैशिष्ट्यांच्या मालालाच लावायचे. 'भौगोलिक निर्देशांक' तर सरळ चूक, निर्देशांक महागाईचा आणि शेअर बाजाराचा. 'भौगोलिक चिन्हांकन' अर्थाला जवळचे आहे, पण वर्तमानपत्रांनी 'मानांकन' इतके रुळवले आहे की ते ठेवून एक ओळ खुलासा देणेच बरे. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांनाही हेच लागू.

ॲक्रेडिटेशनला 'अधिस्वीकृती'. पत्रकारांमुळे शब्द ओळखीचा आहे. तपासणाऱ्याचीच तपासणी होऊन त्याला मिळालेली मान्यता, असा अर्थ. माहितीपत्रकात 'मान्यताप्राप्त प्रयोगशाळा' पुरे.

आंबिया :
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे :

"नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव कोणत्या भागातल्या फळाला लावायचे, ते कायद्याने ठरले. पेटीवर ते चिन्ह छापण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. प्रतवारी बागेत किंवा पॅकिंग केंद्रावर करा. सेंद्रिय म्हणून विकायचे असेल तर बागेचे प्रमाणीकरण वेगळे करावे लागते. पहिल्या काढणीआधी त्याला 3 वर्षे लागतात."

वर्धेकाठ :
ताई, शेवटच्या वाक्यात '3 वर्षे' कधीपासून ते घाला. रासायनिक फवारणी थांबवली त्या दिवसापासून मोजणी आपोआप सुरू होत नाही. प्रमाणीकरण संस्थेकडे नोंदणी झाल्यावर ती धरतात. जुन्या नोंदी पक्क्या असतील तर काही काळ कमी होऊ शकतो, पण तो निर्णय संस्थेचा.

कळमना :
आणि 'काढणी' खोडून 'तोडणी' लिहा. आपल्याकडे संत्रा तोडतात, सोयाबीन सोंगतात आणि कापूस वेचतात.