दोन चलांच्या बहुपदीला प्रमाण रूप असते की नाही?

देवरुखचे मास्तर : "एकापेक्षा अधिक चले आली की प्रमाण रूप (म्हणजे पदे ठरलेल्या क्रमाने लिहिण्याची एकच रीत) उरतच नाही, शिक्षकांनी मुलांना छळणे थांबवावे," असे काल येथे कोणीतरी ठणकावून लिहिले आहे. प्रत्येक पदातील घातांकांची बेरीज करावी, मोठ्या बेरजेचे पद आधी लिहावे आणि बेरजा सारख्या आल्या तर अ चा घातांक ज्यात मोठा ते पद पुढे घ्यावे, एवढाच नियम आहे. त्याप्रमाणे अ³ + ब² + ५अब³ ही बहुपदी ५अब³ + अ³ + ब² अशी लिहितात. यात छळ कोठे आहे?

मालवणची आई : छळ गुणांत आहे. माझ्या मुलीने हीच बहुपदी अ च्या उतरत्या घातांकांनी अ³ + ५अब³ + ब² अशी मांडली आणि तिचा गुण कापला गेला. शब्दकोशाच्या क्रमाने, म्हणजे बेरीज न करता आधी अ चा आणि मग ब चा घातांक पाहिला तर, तिचे उत्तर बिनचूक आहे. आपला नियम प्रश्नपत्रिकेत कोठे छापला होता?

रत्नागिरीकर : दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो तो असा एकेका गुणासाठी भांडूनच! दापोलीजवळच्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, ते गुणांची भीक मागून नव्हे.

मालवणची आई : प्रत्येक वादात परांजप्यांना ओढू नका. बरोबर उत्तराचा गुण मागणे ही भीक नव्हे, आणि निकालाचे ढोल वाजवणाऱ्यांनीच आमच्या मुलांना गुणांच्या मागे लावले आहे.

रत्नागिरीकर : ढोल वाजवतात ते क्लासवाले, मी कधीही क्लास काढला नाही.

चिपळूणचा अभियंता : क्लास राहू द्या. अनेक चलांच्या बहुपदींचा भागाकार करताना क्रम आधी ठरवावाच लागतो, कारण अग्रपद, म्हणजे सर्वांत पुढचे पद, त्यावरच ठरते : मास्तरांच्या क्रमात ते ५अब³, मुलीच्या क्रमात अ³. गणितज्ञ बुखबर्गर यांनी १९६५ मध्ये मांडलेली ग्रोबनर आधाराची रीतही (अनेक बहुपदींची समीकरणे एकत्र सोडवायला ती वापरतात) क्रम निवडल्याशिवाय सुरू होत नाही. शिवाय (अ + ब + क)² चा विस्तार आपण सारे अ² + ब² + क² + २अब + २बक + २कअ असा चक्रीय क्रमाने पाठ करतो. मास्तरांच्या नियमाने अ² च्या पाठोपाठ २अब आणि २अक यायला हवेत. त्याचेही गुण कापणार का?

देवरुखचे मास्तर : आपली विद्वत्ता शिरसावंद्य! यापुढे प्रश्नातच "एकूण कोटीच्या (घातांकांच्या बेरजेच्या) उतरत्या क्रमाने" असे लिहीन, म्हणजे मालवणहून तक्रार येणार नाही. मात्र क्रम निवडावा लागतो याचा अर्थ प्रमाण रूप नसते असा होत नाही. क्रम एकदा ठरला की रूप एकच निघते.

मालवणची आई : हेच प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी सुचले असते तर बरे झाले असते. कापलेल्या गुणाचे काय, ते तेवढे कोणी सांगितले नाही.